झाकणापाशी थांबणारे मुकादम

रस्त्यात गटाराचं लोखंडी झाकण आलं की मुकादम थांबायचे. हातातल्या काठीचं टोक झाकणावर दोनदा आपटायचे, मान तिरकी करून जरा वेळ ऐकायचे आणि मग म्हणायचे, "न्हाई. चला."

बरोबर कुणी असलं तरी म्हणायचे, नसलं तरी म्हणायचे. आमच्या सफाई चौकीपासून बाजारगल्लीच्या टोकापर्यंत एकवीस झाकणं आहेत. म्हणजे रोज सकाळी एकवीस वेळा ठक-ठक, एकवीस वेळा मान तिरकी आणि एकवीस वेळा "न्हाई. चला." घाईत असले तरी यात एकही झाकण सुटलं नाही. एकदा वरचे साहेब पाहणीला आले होते, त्यांना पुढे जायची गडबड, आणि आमचे मुकादम मागे झाकणापाशी कान देऊन उभे. साहेबांनी मला विचारलं, "यांना ऐकायला कमी येतं का?" मी म्हटलं, "नाही साहेब, जरा जास्तच येतं." चेष्टेत बोलून गेले. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. सकाळी खिडकीत दात घासत उभे असता, खाली चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला एक काळा, सडपातळ माणूस रस्त्याने जातो, थांबतो, काठी आपटतो. तुम्ही मनात म्हणता, झाकणं चोरीला जातात म्हणून तपासत असेल. आणि तोंड धुवायला आत जाता.

मी त्या चौकीत हजेरी लिहायला अकरा वर्षं होते. चौकी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. भांडुपला डोंगराच्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या, एक टेबल, एक मस्टर, एक लोखंडी कपाट, कोपऱ्यात झाडू आणि घमेली. साडेसहाला माणसं यायची, सही करायची आणि आपापल्या गल्लीत पांगायची. माझे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर ते घरी बसले ते बसलेच. त्यामुळे वेळेवर हजेरी लागणं ही फार मोठी गोष्ट आहे असं मी लहानपणापासून समजत आले. मुकादमांचंही तसंच होतं. साडेसहाला एक मिनिट कमी असताना ते चौकीच्या पायरीवर हजर. मूळचे जालन्याकडचे, विशीत मुंबईला आलेले. गणवेशाला इस्त्री, खिशात पेन आणि पेनाच्या शेजारी बाबासाहेबांचा छोटा बिल्ला.

पहिल्याच दिवशी मी त्यांचा ओरडा खाल्ला. चौकीच्या दारात चपलांचा आणि गमबुटांचा नुसता ढीग पडला होता. मला आत जायला जागा नव्हती म्हणून मी पायाने दोनचार जोड बाजूला सारले.

"मॅडम!" आतून आवाज आला. "दुसऱ्याच्या चपलेला हात नका लावू. पाय तर न्हाईच न्हाई."

"अहो, मग आत येऊ कशी?"

"ओलांडून या. न्हाई जमलं तर थांबा. ज्याचा तो यील, काढंल."

मी नवीन, ते जुने. साडी सावरत, उड्या मारत मी आत गेले आणि मनात म्हटलं, हा माणूस माझं डोकं खाणार. नऊ वर्षं खाल्लं.

हे चपलांचं वेड चौकीपुरतं नव्हतं. माझ्या भाचीच्या मुलीचं बारसं आमच्या घरी होतं, तेव्हा मी चौकीतल्या सगळ्यांना बोलावलं. आमचा मजला तिसरा, व्हरांडा अरुंद, पन्नास माणसांच्या चपला जिन्यापर्यंत गेलेल्या. शेजारच्या आजींना बाहेर पडता येईना म्हणून माझ्या भावाने चपला गोळा करून कोपऱ्यात रचायला घेतल्या. मुकादम हातातली ताटली ठेवून धावत आले. "राहू द्या, राहू द्या, भाऊ, एकेकाला बोलवू आपण." आणि खरंच, दारात उभं राहून त्यांनी एकेका पाहुण्याला हाक मारून आपापले जोड सरकवायला लावले. बाळाचं नाव काय ठेवलं ते निम्म्या लोकांना ऐकूच आलं नाही. माझी आई मालवणची, तिला कुजबुजता येत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गो, ह्यो माणूस जेवूक इलो की चपलांची राखण करूक?"

मुकादम हसले. "दोन्ही, आजी," म्हणाले, आणि तिथंच दारात उभ्या उभ्या जेवले.

कामात मात्र त्यांच्याइतका हुशार माणूस मी पाहिला नाही. कचरा बघून ते घरातलं सांगायचे. "तिसऱ्या गल्लीत पाहुणे आलेत, करवंट्या वाढल्यात." "त्या दोन घरांचं बिनसलंय, डबे बघा किती लांब लांब ठेवलेत." आवाज चढवणं त्यांना जमायचं नाही, पण माणूस कसा वळवायचा ते बरोबर ठाऊक. एका सोसायटीने जुना सोफा फुटपाथवर टाकला होता. तीनदा सांगून झालं, सेक्रेटरी ढिम्म हलेना. चौथ्या दिवशी मुकादमांनी आपली अख्खी टोळी त्या सोफ्यावर बसवली, गेटसमोर, चहा घेऊन. सेक्रेटरी खाली आले तसे उठून नमस्कार केला. "झकास सोफा आहे, साहेब. आम्ही म्हटलं, रोज इथंच सुटी करावी." तासाभरात टेम्पो आला आणि सोफा गेला.

त्यांच्या टोळीत शोभा होती. बारीक अंगाची, पन्नाशीच्या आतली, बोलायला फटकळ. तिचा नवरा सुभाष याच चौकीत गटार सफाईला होता. माणसांनी मॅनहोलमध्ये उतरायचं, हे तेव्हा सर्रास चालायचं. एका सकाळी तो आत उतरला आणि जिवंत वर आला नाही. आतल्या वायूने गेला, असं कागदावर आलं. त्याच्या जागी शोभाला झाडूचं काम मिळालं. तेव्हा तिच्या पदरात दोन वर्षांची मुलगी होती. मुकादम त्या वेळी मुकादम नव्हते, सुभाषच्या जोडीला काम करायचे. चौकीत सगळे तिला शोभा म्हणायचे, मी शोभाताई म्हणायचे. मुकादम एकटे वहिनी म्हणायचे. तिला ते कधी जड गल्ली द्यायचे नाहीत आणि तिच्या रजेच्या अर्जावर कधी का म्हणून विचारायचे नाहीत. टोळीत कुजबुज व्हायची की मुकादमांचं तिच्याकडे झुकतं माप आहे. होतंच ते.

चपलांची भानगड मला शोभानेच सांगितली. एकदा दुपारी जेवताना मी सहज म्हटलं, "तुमच्या मुकादमांना चपलांचं एवढं काय गं?"

"जुनी पद्धत आहे मॅडम ती," ती म्हणाली. "आत उतरणारा माणूस चपला भोकाच्या तोंडाशी काढायचा. बोटं भोकाकडं, टाचा बाहेर. चपला दिसल्या की आत माणूस आहे. मग कुणी झाकण लावायचं न्हाई, कुणी गाडी आणायची न्हाई. वाचता न येणाऱ्यालाही समजायचं. म्हणून दुसऱ्याच्या चपला हलवायच्या न्हाईत."

मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "आमच्या ह्यांच्या तेवढ्या सापडल्या न्हाईत. वाहून गेल्या म्हणे. रस्ता कोरडा ठणठणीत, आणि चपला वाहून गेल्या."

"मग?"

"मग काय. लोकांनी काढलंच तोंड. चपला तोंडाशी नव्हत्या म्हणजे पद्धत पाळली न्हाई. पद्धत पाळली न्हाई म्हणजे शुद्धीत नव्हता. माझा दीर तर सरळ म्हणतो, पिऊन उतरला असंल." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "प्यायचे न्हाईत हो ते. सुपारीसुद्धा खायचे न्हाईत."

त्या वेळी मुकादम पलीकडे पाठमोरे बसून भाकरी खात होते. त्यांचा हात थांबला होता की नाही, ते मला आता सांगता येणार नाही. पुढे जे कळलं त्यामुळे मला तो थांबलेलाच आठवतो.

यानंतर चारेक वर्षं गेली. शोभाची मुलगी मोठी झाली, नर्सिंगला लागली, चांगलं स्थळ आलं. बघायचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी शोभा हजेरीला आली ती डोळे सुजवून. मुलाच्या वडलांनी सहज विचारलं होतं, मुलीचे वडील कशाने गेले? शोभाने तोंड उघडायच्या आत दीर बोलून बसला, "गटारात गेला, पिऊन." मुलाकडची माणसं चहा पिऊन उठली, नंतर कळवतो म्हणाली. मुलीने आत जाऊन दार लावून घेतलं.

"माझं जाऊ द्या," शोभा मला म्हणाली. "पण पोरीनं मला काल विचारलं, आई, खरं सांग, बाबा प्यायचे का? एकोणीस वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं."

मुकादमांनी ते ऐकलं. त्या दिवशी ते फेरीला उशिरा निघाले. सगळे गेल्यावर लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडून त्यांनी जुन्या फायलींच्या मागून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत रबरी चपलांचा जोड होता. निळे पट्टे, पांढरा तळ. एका टाचेला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

"सुभाषच्या," ते म्हणाले.

मग उभ्यानेच सांगितलं. मी त्यांना बसा म्हणायलाही विसरले.

त्या सकाळी बाजारगल्लीतली लाइन तुंबली होती. सुभाष आत उतरला, हे वर. उतरण्याआधी सुभाषने चपला रीतीप्रमाणे तोंडाशी काढल्या. नव्या कोऱ्या होत्या, आदल्या दिवशीच आणलेल्या. आतून उपसलेला गाळ तोंडाशीच टाकतात, तेव्हा त्या बरबटणार हे उघड होतं. "म्हणून मी उचलल्या," मुकादम म्हणाले, "आणि समोर शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर ठेवल्या. मी होतोच की तिथं. मी उभा असल्यावर चपलांची काय गरज?"

पण आत तुंबलेलं सुटलं की पुढच्या झाकणापाशी जाऊन पाणी आलं का ते बघावं लागतं. आतून हाक आली, "बघ रे, आलं का?" तसे हे पुढच्या झाकणाकडे गेले. पाणी आलेलं नव्हतं. जरा वाट पाहिली. मग पाणी आलं, एकदम जोरात आलं. हे खूश होऊन माघारी फिरले, तर आधीचं झाकण बंद. त्याच दिवशी बाहेरच्या कंत्राटदाराची माणसं त्या गल्लीत उघडी झाकणं बसवत फिरत होती. त्यांनी भोक पाहिलं, तोंडाशी चपला नाहीत हे पाहिलं, झाकण बसवलं आणि पुढे गेली. त्यांच्या लेखी त्यांनी पद्धत पाळली होती.

"मला वाटलं, सुभ्या वर आला, त्यानंच झाकण लावलं आणि चहाला गेला. काम झालं की तो तसाच जायचा, न सांगता. मी झाकणावरून चालत गेलो, मॅडम. पायाखाली दोनदा वाजलं. ठक, ठक. शेजारी पत्र्याचं काम चालायचं, मला वाटलं तिकडचंच. टपरीवर गेलो. तिथं सुभ्या न्हाई. म्हटलं, यील. चहा सांगितला. अर्धा प्यालो. समोर बघितलं तर पायरीवर चपला तशाच."

बाहेर नळाला पाणी आलं होतं, बायका हंडे लावत होत्या.

"झाकण उघडलं तेव्हा तो आतल्या वरच्या पायरीवरच होता. हात वर केलेला."

चौकशीत चपलांबद्दल कुणीच विचारलं नाही. विचारलं ते फक्त शोभाने. दुसऱ्या दिवशी ती चौकीत आली, कडेवर मूल, आणि पहिला प्रश्न तोच, त्यांच्या चपला कुठायत? आणि मुकादमांच्या तोंडून निघून गेलं, "वाहून गेल्या, वहिनी."

मी काय करायला हवं होतं? त्या माणसाला पाणी तरी द्यायला हवं होतं. पण माझा स्वभाव तापट. माझ्या डोळ्यांसमोर शोभाचा सुजलेला चेहरा होता. मी म्हटलं, "एकोणीस वर्षं ती बाई तुमच्यासमोर झाडू मारतेय. तिच्या नवऱ्याला लोक दारुडा म्हणतात, तुम्हाला खरं माहीत आहे आणि तुम्ही गप्प? भित्रे आहात तुम्ही, मुकादम."

"तसंच असंल, मॅडम."

"सांगून टाका तिला. आजच सांगा. तिच्या नवऱ्याचं नाव साफ होईल आणि तुम्हालाही हलकं वाटेल."

त्यांनी चपला पिशवीत परत ठेवल्या. मग म्हणाले, "वहिनीला हलकं वाटंल का, ते बघतोय."

मला तेव्हा ती पळवाट वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं. आणि त्यानंतर चार महिने, ते निवृत्त होईपर्यंत, मी त्यांची पाठ सोडली नाही. रोज मस्टर पुढे सरकवताना विचारायचे, "सांगितलं?" ते सही करायचे आणि काठी उचलायचे. शोभाच्या मुलीचं स्थळ अजून "कळवतो" वरच अडकलेलं होतं. त्यांच्या सेवेचे दिवस सरत चालले होते आणि माझं टोचणं वाढत चाललं होतं.

शेवटच्या दिवशी चौकीत हार, श्रीफळ, वडे असा बेत होता. पण त्याआधी त्यांनी नेहमीची फेरी घेतली. पिशवी काखेत होती. मला म्हणाले, "तुम्ही पण चला." मी गेले.

एकेक झाकण वाजवत आम्ही बाजारगल्लीत आलो. शिंप्याचं दुकान आता राहिलेलं नाही, तिथं मोबाइलचं आहे. टपरी तशीच आहे. त्या झाकणापाशी मुकादमांनी काठी वाजवली नाही. पिशवीतून चपला काढल्या, खाली वाकले आणि झाकणाच्या कडेला नीट ठेवल्या. बोटं आत, टाचा बाहेर. मग दोन पावलं मागे येऊन उभे राहिले.

शोभा गल्लीच्या त्या टोकाने झाडत येत होती. सवयीने चपलांच्या अलीकडे तिचा झाडू थांबला. त्यांना वळसा घालून ती पुढे जाणार होती. वर न बघताच म्हणाली, "कोण उतरलंय? आता उतरत न्हाईत ना आत?" आणि मग तिने नीट पाहिलं.

निळे पट्टे तिने ओळखले. झाडू हातातून सुटला नाही, उलट तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मुकादमांनी सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, पण अगदी थोडक्यात. सुभाषनं पद्धत पाळली होती. चपला मी उचलल्या. चूक माझी. खोटं मी बोललो. तो शुद्धीत होता, वहिनी. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. निदान रडेल तरी. ती खाली बसली, एक चप्पल हातात घेतली आणि तळाच्या खाचेतली सुकलेली माती अंगठ्याने कोरू लागली. घरापासून या झाकणापर्यंत, तेवढीच चाललेली चप्पल ती.

"मी आणल्या होत्या," ती म्हणाली. "शनिवारच्या बाजारातून. सकाळी निघताना मी त्यांना म्हटलं होतं, पहिल्याच दिवशी घाण करून आणाल तर बघा."



मग तिने मान वर केली. "त्यांनीच सांगितलं ना तुम्हाला, मुकादम? बाजूला ठेव म्हणून? बायको ओरडंल म्हणाले ना?"

"न्हाई वहिनी. तो काही बोलला न्हाई. मीच उचलल्या."

"खरं सांगा."

"मीच. माझंच डोकं."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि नऊ वर्षं रोज सकाळी तो चेहरा बघत आलेल्या मला कळलं की हा माणूस खोटं बोलतोय. शोभालाही कळलं. तिने दुसरी चप्पल उचलली, दोन्ही पदरात घेतल्या आणि उठली. म्हणाली, "बरं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. एकोणीस वर्षं ते गप्प होते ते स्वतःला वाचवायला नव्हे. स्वतःची चूक तर त्यांनी शब्द न चोरता सांगितली होती. सुभाषने त्यांना काय सांगितलं होतं, तेवढं एक वाक्य ते शोभापासून लपवत होते, आणि ते लपवायचं म्हणजे सगळंच लपवणं भाग होतं. त्यांना पक्कं माहीत होतं की चपला दिसल्या की तिला आपलं त्या सकाळचं बोलणं आठवणार. मी त्यांना भित्रा म्हणाले होते. रोज, मस्टरच्या निमित्ताने.

निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी वडा खाल्ला, हार घालून घेतला, दोन शब्द बोला म्हटल्यावर "सगळ्यांनी जपून राहा" एवढंच बोलले. निघताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, "मुकादम, माझं चुकलं."

"न्हाई मॅडम. सुभ्याचं नाव साफ झालं. ते व्हायला पाहिजेच होतं." मग काठी माझ्या कपाटाला टेकवून ठेवत म्हणाले, "बाकीचं आता वहिनी आणि मी बघू." दारातल्या चपलांच्या ढिगातून आपला जोड त्यांनी हळूच उचलला, इतरांच्या चपलांना धक्का न लावता, आणि पायरी उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळे असताना शोभा मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "माझा नवरा पिऊन उतरला नव्हता. चपला त्यांनी तोंडाशीच काढल्या होत्या. मी बघितल्यात आता." कुणीतरी विचारलं, "मग तेव्हा गेल्या कुठं?" तिने झाडू उचलला आणि ती निघाली. मुकादमांचं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही आणि नंतरही नाही. संध्याकाळी ती दिराच्या घरी गेली, तिथेही तिने एवढंच सांगितलं. मुलीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, दुसऱ्या मुलाशी, चांगलं झालं. मांडवात एका खुर्चीवर सुभाषचा फोटो होता आणि खुर्चीखाली निळ्या पट्ट्यांच्या चपला. मुकादमांना पत्रिका गेली होती. ते आले नाहीत. गावाकडे तब्येत बरी नसते, असा निरोप आला.

मग एका सकाळी त्यांच्या मुलाचा चौकीत फोन आला. हजेरी चालू होती. मी ऐकलं, फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, मुकादम गेले. शोभा सही करत होती. तिने सही पूर्ण केली. कपाटाला टेकवलेली काठी अजून तिथंच होती, तिच्याकडे एकदा बघितलं, पण हात लावला नाही. आपला झाडू घेतला आणि बाहेर पडली.

चौकीच्या खिडकीतून पहिलं झाकण दिसतं. तिथं पोचल्यावर शोभा थांबली. तिने झाडू उलटा केला आणि दांड्याने झाकणावर दोनदा ठोकलं.

आता रोज ठोकते. मी बदली होऊन दुसऱ्या चौकीत गेले, तरी कधी त्या बाजूला सकाळी काम निघालं की मी मुद्दाम त्या गल्लीने जाते. ती मला बघते, मान हलवते, बोलत नाही. एकवीस झाकणं, एकही सोडत नाही. ठक, ठक. मग मान तिरकी करून ऐकत उभी राहते. मुकादम थोडंसं थांबून म्हणायचे, "न्हाई. चला." ती तसं म्हणत नाही. ती नुसती उभीच असते, आणि गल्लीतल्या गाड्या हॉर्न देत तिला वळसा घालून जातात.